भिरभिरं, पिंपळावरचा मुंजा आणि सुईवाली बाई

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं दक्षिणेकडं निघालं की लळिंगचा किल्ला लागतो. त्याच्या कुरणात लांडोर बंगला आहे. 31 जुलै 1937 रोजी न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब या बंगल्यात राहिले होते. म्हणून दरवर्षी 31 जुलैला इथं भीमस्मृती यात्रा भरते. पावसाचे दिवस असतात, डोंगर हिरवा झालेला असतो आणि खानदेशातल्या गावागावांतून गाड्या भरभरून माणसं येतात. आम्ही काही परिचारिका तिथं ताडपत्रीखाली टेबल मांडून बसतो. काही जणी अजून नोकरीत आहेत, काही आमच्यासारख्या नोकरी सोडून वस्तीच्या कामाला लागल्या आहेत. बीपी बघतो, साखर तपासतो, कुणाला पुढं पाठवायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो.

अशाच एका यात्रेत पन्नाशीच्या एक ताई टेबलासमोर बसल्या. हातात कागदाचं रंगीत भिरभिरं होतं. बीपी निघालं 170/100. साखर बघायची म्हणून आम्ही बोट पुसायला कापूस काढला, तर ताईंनी हात मागं घेतला.

"सुई नको वं माय. बीपी देख आनि सोड माले."

बोलता बोलता कळलं, या ताईंनी कित्येक वर्षांत रक्ताची एकही तपासणी केली नव्हती. लहानपणी शाळेत लस टोचायला बाई आली होती, दोघांनी धरून ठेवलं होतं, त्याच दिवसापासून सुईची धास्ती बसली. विषय बदलावा म्हणून आम्ही विचारलं, "भिरभिरं नातवासाठी का?" त्या लाजल्या. "नही वं. हाई मन्हासाठे शे." लहानपणी त्या बापाच्या खांद्यावर बसून याच यात्रेत आल्या होत्या. बाप रोजंदारीवरचा माणूस, पण त्या दिवशी त्यानं भिरभिरं घेऊन दिलं होतं. बाप जाऊन खूप वर्षं झाली. यात्रेला आल्या की त्या एक भिरभिरं विकत घेतात आणि गाडीत बसून घरी जाईपर्यंत ते खिडकीतून बाहेर धरतात.

एकाच बाईच्या एका हातात बालपणीचं खेळणं होतं आणि दुसऱ्या हातात बालपणीची भीती. खेळण्यानं ती दरवर्षी थोडी हलकी होत होती आणि भीतीमुळे तिचा आजार तपासल्यावाचून वाढत होता. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर आम्ही बालपणाच्या आठवणींविषयी लिहीत आहोत. हा विषय इथं कशाला, असं कुणाला वाटेल. पण लहानपण संपलं तरी शरीर ते विसरत नाही, हे आम्ही वॉर्डात आणि वस्तीत रोज पाहतो.

आठवण येणं हा आजार आहे का?

एकेकाळी डॉक्टरांना तसंच वाटत होतं. 1688 मध्ये बासेल इथल्या योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात या अवस्थेला 'नॉस्टॅल्जिया' असं नाव दिलं. ग्रीक भाषेतले घरी परतणं आणि वेदना असे दोन शब्द त्यानं जोडले. परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई घराच्या ओढीनं खंगतात, त्यांची झोप जाते, अन्न जात नाही, असं तेव्हाचे डॉक्टर नोंदवत. पुढं दोनेकशे वर्षं हा शब्द रोगाचं नाव म्हणूनच वापरला गेला.

आज हे मत बदललं आहे. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बराच अभ्यास केला. त्यांना दिसलं की माणूस एकटा पडला, उदास झाला की जुन्या आठवणी वर येतात, आणि त्या आल्यावर आपलं कुणीतरी आहे, आपण कुणाला तरी हवे होतो, ही जाणीव बळावते. म्हणजे अशी आठवण बहुतेक वेळा उदासीवरचा शरीराचा स्वतःचा उतारा असते. भिरभिरंवाल्या ताई दरवर्षी तोच उतारा घेत होत्या.

वासाचंही असंच आहे. वासाची नस मेंदूतल्या भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी पोचते. म्हणून पहिल्या पावसाचा वास आला की क्षणात आपण शाळेच्या पडवीत जाऊन उभे राहतो. वॉर्डातल्या स्पिरिटच्या वासानं एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाला घाम फुटतो तो याच वाटेनं.

आमची खेळणी

आम्हा भावंडांचं बालपण जळगाव जिल्ह्यातल्या एका वस्तीत गेलं. दुकानातलं खेळणं घरात आलं ते एखाद्या यात्रेतून. एरवी आम्हीच बनवायचो. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी. काळ्या मातीचे बैल. काड्यापेट्या एकात एक अडकवून केलेली आगगाडी, कारण भुसावळ जवळ आणि रेल्वे सगळ्यांच्या डोक्यात. सायकलचा जुना टायर आणि तो पळवायला काठी. चिंचोके, गजगे, फुटक्या बांगड्यांचे तुकडे. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली.

या चिंध्यांच्या बाहुलीला वैद्यकशास्त्रात मान आहे. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं 1950 च्या दशकात मांडलं की लहान मूल एखादी चिंधी, गोधडीचं टोक किंवा बाहुली उराशी धरतं, ते आई जवळ नसताना स्वतःला सांभाळण्यासाठी. आई मजुरीला गेली की मूल आईच्या लुगड्याचा वास घेऊन झोपतं, हे आपल्या आजीला कुणा डॉक्टरनं सांगावं लागलं नव्हतं. तेव्हा मूल मळकं फडकं सोडत नाही म्हणून त्याला मारू नका, हसू नका. फडकं धुऊन द्या. वेळ आली की ते आपोआप सुटतं.

एक आठवण मात्र आम्ही आज कौतुकानं सांगू शकत नाही. दवाखान्यामागच्या उकिरड्यावर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असत. त्यांची रबरी बुचं आमच्या धांड्याच्या गाडीची चाकं व्हायची. कधी प्लास्टिकची सिरिंजही मिळायची. मग आम्ही 'दवाखाना' खेळायचो, आणि आमच्यातली एक नेहमी नर्स व्हायची. पुढं ती खरीच नर्स झाली. पण जीएनएमच्या पहिल्या वर्षी वापरलेल्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही कसे पसरतात हे शिकताना त्या खेळाची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम देशात 1998 साली आले, 2016 मध्ये ते नव्यानं केले गेले. तरी आपल्या वस्तीजवळ असा कचरा उघड्यावर दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी तक्रार द्या. मुलाला सुई टोचलीच तर जखम पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात.

सुट्टी कुणाची?

उन्हाळ्याची सुट्टी म्हटलं की पुस्तकात मामाचा गाव यायचा. आमच्याही वाट्याला तो आला, पण सगळ्यांच्या नाही. सुट्टीत कुणी आईबापाबरोबर वीटभट्टीवर असायचं, कुणी सुरतेला गेलेल्या चुलत्याच्या खोलीत, कुणी शेतात. आई ऊसतोडीवरून परतण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला सुट्टी म्हणजे काय विचारलं, तर ते सांगायचं, "आई घरी असते ती सुट्टी."

तरीही त्या सुट्टीत गोड काही नव्हतं असं नाही. जळगावचं ऊन पंचेचाळिशीला टेकलं की घराघरांत बिबड्या व्हायच्या. ज्वारीच्या पिठाचं लसूण-मिरची-तीळ घातलेलं गरम शिजलेलं पीठ धोतराच्या फडक्यावर थापलं जायचं आणि कावळे हाकलायला आम्हाला बसवलं जायचं. अर्ध्या वाळलेल्या बिबडीचा तुकडा चोरून खाण्यात जी मजा होती ती नंतर कुठल्या मिठाईत सापडली नाही. आमच्या वस्तीची मोठी सुट्टी मात्र निराळी होती. 14 एप्रिलला पांढरे कपडे, बुद्धपौर्णिमेची खीर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, आणि 6 डिसेंबरला भुसावळहून मुंबईची गाडी. आमच्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चैत्यभूमीला, आजीचं बोट धरून. परत येताना हातात प्लॅस्टरची छोटी बुद्धमूर्ती असायची, ती फुटू नये म्हणून रात्रभर मांडीवर धरलेली.

इथं एक नाजूक गोष्ट बोलायला हवी, कारण ती आमच्याकडं तपासणीच्या टेबलावरच येते. धर्मांतरानंतर आपल्या घरांतून जुने सण गेले. ते का गेले हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. पण काही जणी माहेरच्या गावी वाढताना शेजारच्या पोरींबरोबर अखाजीच्या झोक्यावर बसल्या होत्या, भुलाबाईच्या गाण्यांत उभ्या राहिल्या होत्या. आता त्या हळू आवाजात विचारतात, "ताई, तो झोका अजून आठवतो. हे चुकीचं आहे का?"

आमचं उत्तर सरळ आहे. आठवण म्हणजे पूजा नव्हे. त्या झोक्यात बाईला आठवतं काय? कडुनिंबाची फांदी, मैत्रीण, सासरच्या कामातून सुटलेले चार दिवस आणि पोटात गोळा आणणारा तो हेलकावा. यातलं काहीच बावीस प्रतिज्ञांच्या आड येत नाही. अखाजी येते वैशाख शुद्ध तृतीयेला, आणि बुद्धपौर्णिमा त्याच महिन्यात, दहा-बारा दिवसांनी. झोका बांधायला मुहूर्त लागत नाही. बुद्धपौर्णिमेला विहाराजवळच्या झाडाला दोर बांधा आणि चाळिशीच्या बायकांनी आधी बसा. स्वतःच्या बालपणाची लाज बाळगत जगणं हे मनाच्या आरोग्याला बरं नाही.

बाबासाहेबांची एक सुट्टी

गोड आठवण आणि भीती एकत्र कशी सांगावी, हे शिकायचं तर बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावं. 1935-36 च्या सुमारास लिहिलेलं हे लहानसं आत्मकथन पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 मध्ये पुस्तिका म्हणून छापलं. त्यातली पहिलीच हकीकत उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे.

साल 1901 च्या आसपासचं. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होते. त्यांनी साताऱ्याला पत्र पाठवून मुलांना सुट्टीत बोलावलं. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं निघाली. नवे सदरे शिवले, चमचमत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं घेतली. कोणत्याही मुलाच्या आनंदाचं हे वर्णन आहे. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कुणीच आलं नव्हतं, कारण मुलांचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले बसवून घ्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. शिदोरी भरलेली होती, पण प्यायला स्वच्छ पाणी कुणी देईना, त्यामुळे ती खाताही आली नाही. रात्र एका टोलनाक्याजवळ उपाशी आणि तहानलेली काढली. नवी टोपी आणि कोरडा घसा, दोन्ही त्यांनी लिहिलं. आपल्या आयुष्यात या प्रसंगाला फार मोठं स्थान आहे, हेही त्यांनी सांगितलं.

याच लेखनात आपल्या खानदेशातली हकीकत आहे. 1929 साली सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याच्या बाजूला एका सामाजिक बहिष्काराची चौकशी करायला आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. त्यांना स्टेशनावरून न्यायला टांगा मिळाला, पण टांगेवाला स्वतः हाकायला तयार नव्हता. शेवटी वस्तीतल्याच, टांग्याची सवय नसलेल्या माणसानं लगाम हातात घेतला. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला जे मसूरला भोगावं लागलं, तेच अठ्ठावीस वर्षांनी परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरला चाळीसगावात भोगावं लागलं. एकदा गाडीवान पायी चालला, एकदा टांगेवाला बसलाच नाही.

आरोग्यसेविका म्हणून आम्हाला यात एक मोठी गोष्ट दिसते. बाबासाहेबांनी ती भीती गिळून टाकली नाही. तिला साल दिलं, गाव दिलं, कारण दिलं आणि ती लोकांसमोर ठेवली. जी भीती सांगता येते ती माणसाच्या ताब्यात राहते. जी सांगता येत नाही ती माणसाला ताब्यात ठेवते.

भीतीचे तीन प्रकार

वस्तीत ऐकलेल्या बालपणीच्या भीतींची आम्ही आमच्यापुरती तीन गाठोडी बांधली आहेत.

पहिलं गाठोडं भुताखेतांचं. आमच्या वस्तीच्या टोकाला पिंपळ होता. त्यावर मुंजा राहतो म्हणून तिन्हीसांजेनंतर तिकडून कुणी जायचं नाही. पुढं विहारात कळलं की सिद्धार्थाला ज्या झाडाखाली संबोधी लाभली ते झाड हेच, पिंपळ. आमच्यातल्या मोठ्या भावानं एका रात्री आम्हाला हाताला धरून त्या झाडाखाली नेऊन बसवलं. आधी पाच मिनिटं, दुसऱ्या रात्री दहा. पुढं नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं की भीतीवरचा हाच खरा उपचार आहे. आपलं माणूस सोबतीला ठेवून, थोडं थोडं, रोज त्या गोष्टीच्या जवळ जायचं. ढकलायचं नाही आणि टाळायचंही नाही.

दुसरं गाठोडं अपमानाचं आणि माराचं. वर्गात वेगळं बसवलेलं, आडनाव विचारून हसलेलं, घरात दारू पिऊन आलेल्या बापाची चाहूल. या भीतीला 'आमच्या वेळचे दिवस' म्हणून गोड करू नये. अमेरिकेत 1990 च्या दशकात 17 हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास झाला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी त्याचे पहिले निष्कर्ष 1998 मध्ये मांडले. बालपणी मारहाण, छळ, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकी मोठेपणी हृदयविकार, व्यसन आणि नैराश्याची जोखीम जास्त, असं त्यात आढळलं. जोखीम म्हणजे नशीब नव्हे. आधाराचं एक माणूस मिळालं तरी पुष्कळ फरक पडतो. पण हसण्यावारी नेलेली ही भीती पुढं बीपीच्या मशीनवर दिसू शकते, हे लक्षात ठेवा.

तिसरं गाठोडं आमचंच आहे. "रडू नको, नाहीतर नर्सबाई सुई देईल." हे वाक्य आम्ही हजारदा ऐकलं आहे. दारात आरोग्यसेविका दिसली की पोरं खाटेखाली लपतात. आमच्यातल्या काहींनीही घाईच्या दिवशी रडणाऱ्या मुलाला "गप बस, नाहीतर अजून एक देईन" असं म्हटलेलं आहे. ते आज आठवलं की मान खाली जाते. आपण कुणाच्या तरी बालपणातला मुंजा झालो होतो.

या भीतीची किंमत मोठी आहे. ती बाळगणारे पुरुष साखर तपासत नाहीत. बाया गरोदरपणात रक्त द्यायचं टाळतात आणि हिमोग्लोबिन किती उतरलं ते बाळंतपणाच्या वेळी कळतं. सुई पाहून भोवळ येणाऱ्याला भित्रा म्हणू नका. काहींची नाडी आणि रक्तदाब त्या क्षणी खरोखर एकदम उतरतात. अशा माणसानं सिस्टरला आधी सांगावं आणि आडवं पडून सुई घ्यावी. सुईआधी दुसऱ्या हाताचे आणि पायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून मग ढिले करावेत, असं चार-पाच वेळा. जो हात टोचायचा तो मात्र सैल ठेवावा.

लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये साधे उपाय सांगितले आहेत. लस देताना आई जवळ हवी. मुलाला टेबलावर दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून कवेत घ्यावं. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या वेळी पाजावं. आणि "मुळीच दुखणार नाही" असं खोटं बोलू नये. "जरासं टोचेल, आम्ही जवळ आहोत" एवढं पुरतं. मूल दुखणं विसरतं, फसवणूक विसरत नाही.

आता करायचं काय?

एक. महिन्यातून एकदा विहारात आठवणींची बैठक घ्या. प्रत्येकानं एक खेळणं आणि एक भीती सांगायची. फक्त खेळणी सांगितली तर बैठक गोडगोड होऊन संपते, फक्त भीती सांगितली तर माणसं जड मनानं घरी जातात. कुणी सांगताना मध्ये उपदेश करू नका आणि कुणालाही बोलायची बळजबरी करू नका.

दोन. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनं विचारा. दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सगळ्यांत ठळक असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला सकाळचं जेवण आठवत नाही, पण गजग्यांचा डाव आठवतो. तिच्या हातात गजगे द्या. "आम्हनं कसानं बालपन, माय!" असं म्हणून ती विषय तोडेल. पुन्हा विचारा. कुणी विचारलंच नव्हतं म्हणून ते बालपण नव्हतं असं तिला वाटतं.

तीन. मुलाला भूत, पोलीस, मास्तर आणि नर्स यांची भीती घालणं आजपासून बंद. त्यानं स्वतःहून भीती सांगितली तर "त्यात काय घाबरायचं" म्हणू नका. "कधी वाटतं, कुठं वाटतं" एवढं विचारा.

चार. आठवण आणि आजार यांतला फरक ओळखा. आठवण येऊन डोळे भरले, थोड्या वेळानं हलकं वाटलं, तर ते ठीक आहे. पण जुना प्रसंग आत्ताच घडतो आहे असं वाटून छाती धडधडते, त्याच स्वप्नानं झोप मोडते, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशात रस वाटत नाही किंवा जगणं नकोसं होतं, तर ती नुसती आठवण राहिलेली नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

लांडोर बंगल्याच्या त्या ताईंचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आम्ही सुई बाजूला ठेवली. त्यांना भिरभिरं तोंडासमोर धरून लांब फुंकर मारायला सांगितलं. एक, दोन, तीन. लांब श्वास सोडला की नाडी थोडी शांत होते, आणि लक्षही दुसरीकडं जातं. चौथ्या फुंकरीला त्यांनी स्वतःच बोट पुढं केलं. साखर वाढलेली निघाली. चिठ्ठी दिली, औषधं सुरू झाली.

पुढच्या 31 जुलैला त्या पुन्हा आल्या, तेव्हा हातात दोन भिरभिरी होती. एक त्यांचं. दुसरं त्यांनी आमच्या टेबलाला खोचलं आणि म्हणाल्या की सुईला भिणारं कुणी आलं तर याला फुंकर मारायला लावा. तेव्हापासून आमच्या बीपीच्या मशीनशेजारी एक भिरभिरं असतं.